लीनाचा कागद आणि रुसणारा राजा

लिही गं अविवा, आणि माझं बोलणं सुधारत बसू नकोस. लीना पेणकरचं लिही. आपलीच, बेने इस्राएल, मराठी ज्यू, ठाण्याची. इथे सिडनीत, केलीव्हिलला एज्ड केअरमध्ये म्हाताऱ्यांना आंघोळी घालते.

नवरा सोडून गेला, पण गेट देईना. गेट म्हणजे आपल्यातला सोडचिठ्ठीचा कागद. नवऱ्याने तो दिल्याशिवाय बाईला दुसरं लग्न नाही. कोर्टाने कधीच मोकळी केलेली, पण धर्मात बांधलेलीच. किती विनवण्या केल्या पोरीने! शेवटी दिला एकदाचा, इथेच सिडनीत, रबायसमोर, म्हणजे आपल्या धर्मगुरूसमोर.

मग एलिजा भेटला. इलेक्ट्रिशियन आहे, हसरा. लग्नाआधीचा मलिदा, देवाचे आभार मानायचा, माझ्याच घरी ठेवला. पोहे, नारळ, साखर, फळं, छान ताट सजलं. लीनाच्या हातांवर मेंदी. तेवढ्यात एलिजाचे काका, सॅमसन झिराडकर, रिटायर झाल्यापासून फोनवर धर्माचे जुने कायदे वाचतात, ते म्हणाले, "गेटवर राजाचं साल घातलंय का?"

"कुठला राजा?" मी विचारलं.

"ज्याच्या राज्यात राहतो तो. पूर्वी तारीख तशीच घालायचे, अमक्या राजाचं तिसरं वर्ष. भलत्याच राजाचं घातलं की गेट बाद. बाईने दुसरं लग्न केलेलं असलं तर दोन्ही नवरे सोडायचे. पोरं झाली तर तीही समाजाबाहेरची."

"ते का?"

"राजाला राग येऊ नये म्हणून."

ऐकलंस? रुसणार राजा, चुकणार लिहिणारा, आणि घराबाहेर पडणार बाई! लिहिणाऱ्याला काय? तो दुसरा कागद लिहायला मोकळा!

लीनाच्या गेटवर राजा नव्हताच. जग झालं तेव्हापासून मोजलेलं साल होतं. एलिजाच्या आईने हातातलं ताट खाली ठेवलं. लीना त्या ताटाकडे बघतच राहिली. "मावशी, परत त्या पहिल्या नवऱ्याच्या पाया पडू?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सॅमसनभाऊ, इंग्लंडची राणी, इथलीही राणी तीच, गेली तेव्हा सुट्टी मिळाली म्हणून तुम्ही बार्बेक्यू केलात. तिचा मुलगा आता राजा, तुमच्यावर नाही रुसला तो? त्याला लीना पेणकर माहीत तरी आहे का?"

एलिजाने रबायला फोन लावला, स्पीकरवर. रबाय म्हणाला, ती अट राजांच्या काळातली. आता कित्येक पिढ्या जगाच्या जन्मापासूनचंच साल घालतात. कागद पक्का आहे.

"मग नो वरीज," म्हणत सॅमसनभाऊंनी ताटातल्या केळ्याला हात घातला. नो वरीज म्हणे!

एलिजाची आई ताट उचलायला वाकली. लीना म्हणाली, "थांबा आई. रबाय 'बाद' म्हणाला असता तर?"

"अगं, लावला ना मी फोन," एलिजा म्हणाला.

"तू लावलास. मी आईंना विचारतेय."

एलिजाची आई ताटाशीच खाली बसली. मग म्हणाली, "घाबरले गं मी. ताट ठेवायला नको होतं." तेव्हा कुठे लीनाने ताटाची एक कड धरली, दुसरी तिला धरू दिली.

आणि त्या दोघींनी मलिदा पहिला कुणाला वाढला माहितीये? सॅमसनभाऊंना! काय तर म्हणे, वयाने मोठे. मी नसता वाढला. हेही लिही.