मामांची झडती

जगात कुणापुढेही न वाकणारी माणसं ढिगानं असतात, पण खरोखरच कंबरेत न वाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझ्या सासूबाईंचा सख्खा भाऊ निघाला. आमचे हे मामेसासरे मूळ नागपूरचे, खाणीतले इंजिनीअर. आफ्रिकेत एका बाजूला वाळवंट, दुसऱ्या बाजूला समुद्र अशा किनाऱ्यावर हिऱ्यांच्या खाणीत अकरा वर्षं काढून ते निवृत्त झाले आणि जर्मनीत कायझर्सलाउटर्नला लेकीजवळ, आमच्याच इमारतीत, राहायला आले. तिथे म्हणे यंत्रं डोंगराएवढी वाळू उपसत आणि मग माणसं खालच्या खडकाच्या फटी केरसुणीनं झाडत. मात्र जमिनीवरचं काही उचलायचं नाही, अगदी हातातून पडलेलं पेनसुद्धा. वाकला तो चोर, असा तिथला कायदा.

नोकरी सुटली, कायदा काही सुटला नाही. जिना झाडायची पाळी आली की मामा पायरीचा कोपरान् कोपरा झाडत, तळाशी कचऱ्याचा छान ढीग करत आणि ताठ मानेनं वर निघून येत. ढीग उचलायला मामी. एकदा खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी भिंतीवरची हाउसऑर्डनुंग, म्हणजे इमारतीची नियमावली, दाखवली, तर हे म्हणतात, यात झाडा असं लिहिलंय, उचला असं कुठे आहे? आजींनी बिचाऱ्यांनी चष्मा लावून सगळी पुन्हा वाचली. हिऱ्याचं तर घरात नाव काढायची सोय नव्हती. माझ्या नाकातली चमकी बघून मला म्हणाले होते, "सूनबाई, शोभते हो. पण एवढ्याशा खड्यापायी किती जणांचे खिसे उलटे केले असतील, ठाऊक आहे?" माझा खडा काचेचा होता, पण मीही मुद्दाम सांगितलं नाही.

गावात फुटबॉलच्या विश्वचषकाची धामधूम चालू होती त्या वर्षी मामींना विसरायला होऊ लागलं. आधी मीठ, मग नावं. मग एक दिवस घराबाहेर पडताना त्या दारातच दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. खाणीच्या वसाहतीतून बाहेर निघताना बायकांचीही झडती होई, डोक्यात नेमकं तेवढंच शिल्लक राहिलं होतं. झडती झाल्याशिवाय पाऊल पुढे टाकीनात. मग मामा त्यांच्या खांद्यांवरून, बाह्यांवरून हात फिरवत आणि म्हणत, "झालं हो, चला." बेकरीच्या दारात, बसथांब्यावर, कुठेही. लोक थांबून बघत. मामा त्यांच्याकडे उलट असे रोखून बघत की लोकच ओशाळत.

लेक मात्र रडकुंडीला आली. डॉक्टर, लेक, जावई सगळ्यांचं एकच, मामींना हाइममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, ठेवायचं. माझंही तेच मत होतं, खोटं कशाला बोलू? अर्जावर सही मामांची लागणार होती. एका रविवारी आम्ही सगळे त्यांच्या टेबलाभोवती जमलो. मामांनी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि पेनाला टोपण लावलं.

"आमच्या खाणीत एकदा आत गेलेली गाडी कधी बाहेर येत नसे. तिथंच गंजायची. मी सही करणार नाही. तुम्हाला लाज वाटत असेल तर आमच्याबरोबर चालू नका."

लेक वैतागून अर्धं मराठीत, अर्धं जर्मनमध्ये बोलत सुटली, की बाबा, तुम्ही सत्तरीचे, तुम्हाला झेपणार नाही. तेवढ्यात मामींना फिरायला जायचं आठवलं. त्या उठल्या आणि दारात हात पसरून उभ्या राहिल्या. मामांनी आम्हा सगळ्यांसमोर शांतपणे झडती घेतली. मग त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, ते स्वतःच मामींपुढे हात पसरून उभे राहिले.

मामींनी त्यांचे खिसे चाचपले, कॉलर उलटून पाहिली, मनगटावरचं घड्याळसुद्धा सरकवून पाहिलं. मग आमच्याकडे वळून चांगल्या ठणकावून म्हणाल्या, "ह्यांनी काही घेतलेलं नाही. ह्यांना घरी जाऊ द्या."

लेकीनं अर्जाची घडी घालून पर्समध्ये टाकली, ती पुन्हा कधी निघाली नाही. मामी पुढे तीन वर्षं त्याच घरात राहिल्या आणि तिथूनच गेल्या. आता रविवारी मामा आमच्याकडे जेवायला येतात. निघताना दारात उगाच क्षणभर उभे राहतात. मीही मग दार लावायची घाई करत नाही.