चौथा स्क्रू

मुलीच्या शाळेची स्कीची सहल दहा दिवसांवर आली तेव्हा केलरमधली, म्हणजे तळघरातली, स्कीची जोडी मी वर आणली. जर्मनीत गेर्लिंगेनमधल्या आमच्या इमारतीत प्रत्येक घराला तळघरात एक जाळीची खोली आहे. तिथे ती जोडी दोन वर्षं भिंतीला टेकून उभी होती. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी ती दिली होती. बायको वारल्यावर त्यांनी घर आवरायला काढलं आणि एका सकाळी स्की आमच्या दाराशी ठेवून, "तुमच्यासाठी," एवढंच म्हणून ते जिना उतरून गेले.

मला तेव्हाही ते खटकलं होतं. हे गृहस्थ आमच्याशी बोलायचे ते फक्त तक्रारीपुरतं. जिना पुसायची आमची पाळी झाली की पायऱ्यांचे कोपरे बोटाने तपासायचे. कचऱ्याच्या चुकीच्या डब्यात टाकलेली आमची काचेची बाटली त्यांनी एकदा परत आणून पायपुसण्यावर ठेवली होती. असा माणूस स्वतःहून काही देतो, तेव्हा त्याच्या मनात काय असतं? पण नको कसं म्हणायचं ते न सुचून मी स्की घेतली.

स्कीवर बूट धरून ठेवणारा जो सांगाडा असतो, ते बाइंडिंग, मुलीच्या बुटाला जुळवून घ्यायला मी दुकानात गेले. तिथल्या कारागिराने पुढच्या तुकड्याचे चार स्क्रू एकेक करून तपासले. चौथ्याला हात लावल्यावर त्याच्या भुवया वर गेल्या. जोर लावला तसं टिक्क झालं, स्क्रूचं डोकं नुसतंच गोल फिरलं, आणि त्याने ते नखाने उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. दांडी मोडून स्कीच्या आत राहिली होती.

"यावर कुणी काम केलंय?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला सासरे आठवले.

ते तीन महिन्यांसाठी पुण्याहून आले होते. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांचा जन्म गेला. आमच्याकडे आल्यापासून त्यांनी कढईचा कान, नळ, कपाटाच्या बिजागऱ्या, जे जे हलत होतं ते सगळं आवळलं होतं. बाथरूमचा नळ तर मुलीला दोन हातांनी उघडावा लागत होता. आणि आदल्याच दिवशी मी ऑफिसात असताना ते केलरमध्ये स्कीपाशी तासभर एकटे होते.

कारागीर म्हणाला, इतक्या जुन्या स्कीवर आम्ही असलं काम घेत नाही. मी स्की उचलून घरी आणली.

नवरा कामासाठी ड्रेस्डेनला गेला होता. बोलायचं ते मलाच बोलायला लागणार होतं.

"बाबा, काल तुम्ही स्कीला काही केलंत का?"

"पुसली. स्क्रू बघितले."

"आवळलेत?"

"तीन आवळले. चौथा घट्ट होता, त्याला हात लावला नाही." मग त्यांनी चष्मा काढला. "का गं? मोडला?"

"मोडलाय. पण मी काही तुम्हाला म्हणत नाहीये, बाबा."

मी ते अशा आवाजात म्हणाले की नेमकं तेच ऐकू यावं. ते चहा अर्धा ठेवून उठले आणि म्हणाले, "चल, हार्डवेअरच्या दुकानात ने. डाव्या आट्यांचा ड्रिल मिळतो का बघू. तो उलटा फिरतो, मोडकी दांडी त्याच्याबरोबर बाहेर येते."

मिळाला. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळीच त्यांनी केलरमधल्या टेबलाला स्की शिकंज्यांनी घट्ट धरली, खाली जुना टॉवेल घातला. बाइंडिंगचा तुकडा सोडवल्यावर लाकडात रुतलेलं लोखंडाचं टोक दिसलं, हरभऱ्याच्या डाळीएवढं. मी बाजूला उभी राहिले. मदत करायला म्हणून उभी आहे असं दाखवत होते, पण खरं तर लक्ष ठेवून होते. मोडलेला तुकडा परस्पर केरात जाऊ नये असं मला वाटत होतं. आज लिहितानाही लाज वाटते.

त्यांनी आधी सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक त्या लोखंडावर धरलं. "आतला गोंद सुटतो," म्हणाले. मग मधोमध पंचाने ठोकून खूण केली. ड्रिलवर चिकटपट्टीचं वेटोळं घातलं, कारण स्की जेमतेम बोटभर जाड. आणखी आत गेलं तर तळाला भोक. मशीन उलट्या दिशेने फिरवत त्यांनी अगदी हलक्या हाताने दाब दिला. दोनदा ड्रिल घसरला. तिसऱ्यांदा तो लोखंडात रुतला आणि दांडी त्याच्याबरोबर फिरत, करड्या भुशासकट, आपण होऊन वर आली.

ती त्यांनी पांढऱ्या रुमालावर ठेवली. खिशातून दुकानातलं ते डोकं काढून शेजारी ठेवलं. माझ्याकडून ते त्यांनी कधी मागून घेतलं होतं, माझ्या लक्षातही नव्हतं.

"मोबाइलने मोठं करून बघ. परवा माझ्या हातून मोडला असता तर मोडलेली बाजू चकचकीत असती. ही काळी पडलीय. आणि डोक्याखाली हे पिवळं काय आहे?"

"गोंद?"

"हं. म्हणून घट्ट लागत होता. कुणीतरी आधी मोडला, आणि डोकं वरून चिकटवून ठेवलं."

माझा चेहरा तापला. पण माफी मागायच्या आधी माझ्या डोक्यात आले ते खालच्या मजल्यावरचे गृहस्थ. मी रुमाल तसाच उचलला आणि जाऊन बेल वाजवली.

त्यांनी दार उघडलं, रुमालाकडे पाहिलं. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं नाही. ते मी मनात टिपून ठेवलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

त्यांनी होकारार्थी मान हलवली. स्क्रू त्यांनीच जास्त पिळून मोडला होता. बायको दुसऱ्या दिवशी पहाटे डोंगरात जायला निघणार होती आणि तो रविवार होता, दुकानं बंद. तिला सांगायचं धाडस झालं नाही. डोकं चिकटवून ते गप्प बसले. ती आठवडाभर त्याच स्कीवर होती.

"मग?"

"काही झालं नाही," ते म्हणाले. फार चटकन म्हणाले.

"आणि आम्हाला का दिलीत?"

"टाकवत नव्हती. मला वाटलं, तुम्ही लोक काही स्की करणार नाही. भिंतीवर लावाल."

"माझी मुलगी नऊ दिवसांनी निघालीय."

त्यांनी चौकट धरली. "बिटे," म्हणाले, "कृपा करून तिला ती देऊ नका."  त्यांची बायको शेवटची काही वर्षं काठी घेऊन जिना चढायची, हे मला आठवत होतं. गुडघा, एवढंच ती म्हणायची. तो कधी आणि कसा गेला, ते मी त्या दारात विचारलं नाही. काही झालं नाही या त्यांच्या वाक्यावर माझा तेव्हा विश्वास बसला नव्हता, आजही नाही.

सासऱ्यांनी त्या भोकात बीचच्या लाकडाची खुंटी गोंद लावून बसवली, दोन दिवस सुकू दिली, नवा स्क्रू घातला. कारागिराने मशीनवर ताण देऊन पाहिलं आणि काम चांगलं झालंय म्हणाला. तरी मी मुलीसाठी भाड्याची स्की आणली. ती चिडली, "आई, आबर ओपा हाट डास डॉख रेपारिअर्ट!" म्हणाली. आजोबांनी दुरुस्त केलीय, एवढं सासऱ्यांनाही त्यातून कळलं असावं. ते तिलाच म्हणाले, "आईचं ऐक."

ती गेली त्या संध्याकाळी आम्ही दोघंच जेवत होतो. "बाबा, माझं चुकलं," मी म्हणाले.

"विचारलंस त्यात काही चुकलं नाही," ते म्हणाले. "कारखान्यात काही मोडलं की ज्याच्या हातात पाना, त्यालाच आधी विचारतात. मलाही कितीदा विचारलंय. पण सरळ विचारत जा. 'तुम्हाला म्हणत नाहीये' असं म्हणालीस ना, ते लागलं."

मी मान डोलावली. त्यांनी ताट पुढे केलं आणि आणखी थोडा भात मागितला.