मंगळ तरी ग्रह आहे ना?

मुलगा मला पसंत होता, हे आधीच सांगून टाकते. बँकेत नोकरी, इंद्रलोक कॉलनीत नवा ब्लॉक, आणि हसला की छान दिसायचा. आईने तर मनातल्या मनात हॉलही ठरवला होता. अडलं ते माझ्या पत्रिकेतल्या मंगळावर. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, आमच्या नवघरला पाण्याचा टँकर कधी वेळेवर यायचा नाही, मंगळ मात्र बरोब्बर आला.

मुलाची आई त्याच्याबरोबर गुरुजींनाही घेऊन आमच्याकडे आली. गुरुजींनी उपाय सांगितला, कुंभविवाह. माझं लग्न आधी मडक्याशी लावायचं आणि ते मडकं घोडबंदरच्या खाडीत सोडायचं. पहिला नवरा बुडाला की दोष गेला, मग दुसरा सुखरूप.

मी शाळेत भूगोल शिकवत होते. माझं डोकंच फिरलं.

"गुरुजी, तुमचे नऊ ग्रह कोणते?"

त्यांनी घडाघडा म्हणून दाखवले.

"सूर्य तारा आहे. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो. राहू-केतू तर वस्तूच नाहीत, आकाशातले नुसते बिंदू. आणि पृथ्वी कुठाय? सूर्याभोवती फिरतो तो ग्रह, माझी पाचवीतली पोरं सांगतील."

"पृथ्वी कशी असेल? तिच्यावर तर आपण बसलोय," गुरुजी शांतपणे म्हणाले. "बरं, मंगळ तरी ग्रह आहे ना?"

झाली पंचाईत! मला नडणारा तेवढा एकच, आणि तोच आम्हा दोघांच्याही हिशेबात पास.

"आहे. पण त्याला सूर्याभोवती फिरायचं काम आहे, माझ्या संसारात डोकावायला सवड नाही. मी मडक्याशी लग्न करणार नाही."

मी मुलाकडे बघितलं. तो पोह्यांकडे बघत होता. "करून टाकू ना, एका दिवसाचं तर आहे," तो म्हणाला. तिथेच तो मनातून उतरला. वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू.

"समजवा हो हिला," त्याची आई माझ्या आईला म्हणाली. "माझ्या मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे."

इतका वेळ आई मलाच डोळ्यांनी दटावत होती. आता तिने गुरुजींसमोरची माझी पत्रिका उचलली.

"आमची पत्रिका उत्तम जुळली होती. मंगळ दोघांनाही नव्हता. तरी हिचे बाबा गेले, तेव्हा ही रांगत होती," ती म्हणाली. "एकटीने वाढवलंय हिला. मडक्याला द्यायला नाही."