पाइनची रोपं आणि माझी बदली

पठारावर नेमणूक झाली तेव्हा वाटलं होतं, दोन वर्षं काढायची आणि खाली उतरायचं. मी वनरक्षक. सासर शहाद्याजवळ, कपाशी-केळीचं. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, तिला सासूबाईंजवळ ठेवलं. धडगावहून पुढे जीप. ती गच्च भरल्याशिवाय हलायची नाही, आणि चौकीपाशी उतरणारी बहुतेक वेळा मी एकटीच.

चौकीमागे पाइनची झाडं होती. फार पूर्वी कुणीतरी प्रयोग म्हणून लावलेली. जीपवाले त्यांना सुरूची झाडं म्हणायचे. त्यांतली चांगली निवडून बी धरायचं, नवी रोपं तयार करायची, असं पत्र आलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. मदतीला पाड्यावरची एक वयस्क बाई. मी तिला मावशी म्हणायचे. घरी ती पावरी बोलायची, माझ्याशी मोडकं मराठी. तू म्हणायची ती सगळ्यांनाच, साहेबांनासुद्धा.

सरळ खोडाच्या झाडांना आम्ही पिवळे पट्टे मारले. शंकू उघडायच्या आत उतरवले, ताडपत्रीवर वाळवले, उकलले तसं पंखवालं बी झटकून घेतलं. पिशव्यांत ते छान उगवलंही. पण बोटभर वाढलं आणि पिवळं पडलं. खत घातलं, पाणी कमी केलं, सावली केली. काही उपयोग नाही.

एक दिवस मावशी म्हणाली, "मोठ्या झाडाखाली आपोआप उगवलंय, ते हिरवं. इथलंच पिवळं का?"

जाऊन एक रोप उपटलं. मुळांना पांढऱ्या बुरशीचे बारीक धागे, झाडाला अन्न पोचवणारे; आमच्या पिशव्यांत ते नव्हते. मग तिथली माती घमेल्यांनी आणून प्रत्येक पिशवीत मूठ मूठ घातली. काही आठवड्यांत वाफे हिरवेगार. पाहणीला आलेल्या साहेबांनी मला शाबासकी दिली. ती मी घेतली. मावशी मागे झारी घेऊन उभी होती.

त्या शाबासकीनेच मी अडकले. बदलीचा पहिला अर्ज दिला तेव्हा साहेब म्हणाले, "ही रोपं लागेपर्यंत तुम्हाला कसं सोडू? हे कळतं कुणाला दुसऱ्या?" ती लागली तोवर नवं बी आलेलं. दुसऱ्या अर्जाला तेच उत्तर. तिसऱ्या वेळी ते हसले. "वाफ्यात रोपं आहेत तोवर बदली विसरा, मॅडम."

फोनला रेंज एकाच खडकावर यायची. नवरा विचारायचा, "बदलीनं काय व्हयनं?" मी म्हणायचे, "व्हई." एकदा सुटीत घरी गेले. मुलीची वेणी घालायला बसले तर ती उठून आजीकडे गेली. "तुला येत नाही," म्हणाली. रागाने नाही, सहज.

परत आले त्या आठवड्यात साहेबांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. रोपं आहेत तोवर. एप्रिल होता. मावशीला म्हटलं, "पाच दिवस सुटी घे. येऊ नको."

तिने वाफ्यांकडे पाहिलं. "पाणी?"

"मी घालते."

मी घातलं नाही. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वाफ्यांकडे पाठ करून रजिस्टर लिहीत बसले. तिसऱ्या दिवशी कोवळे शेंडे वाकले, पानांच्या सुयांचा रंग राखेसारखा झाला. पिशवी उचलली तर हाताला वजनच नाही. अजून वाचली असती, हे मला कळत होतं. मी चौकीत गेले आणि दार लावून घेतलं. आत बसवेना, बाहेर जाववेना.

चौथ्या दिवशी सकाळी पाण्याचा आवाज आला. मावशी होती.

"गाय शोधत आले," एवढंच म्हणाली. मी दुसरी झारी घेतली. ऊन डोक्यावर येईस्तोवर आम्ही दोघी पाणी घालत होतो. निम्मी रोपं गेली होती.

पुढच्या पाहणीला साहेबांनी मेलेले वाफे पाहिले आणि हजेरीपट मागवला. मावशीच्या नावापुढे तीन दिवस गैरहजेरी. "हिच्यामुळे झालं. काढा हिला, दुसरी ठेवा."

मावशीला सगळं कळलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, ती हात पुसत राहिली. खरं सांगायचं तर तेवढ्यातही माझ्या मनात आलं, ही गेली की उरलेली रोपंही जगणार नाहीत आणि मी सुटेन.

मग मी म्हणाले, "साहेब, मीच तिला येऊ नको म्हटलं. पाणी मी घालणार होते. घातलं नाही."

"विसरलात?"

त्यांनी वाट करून दिली होती. हो म्हणायचं, एवढंच.

"नाही. मुद्दाम. आणि ती माती मी नाही, हिने शोधली होती."

त्यांनी हजेरीपट मिटून माझ्या हातात दिला. मग नोटीस आली, चौकशी लागली. चौकशी संपेपर्यंत बदलीचा अर्ज करता येत नाही, असं कळलं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "खरं बोलाले तुले कोणी सांगेल व्हतं?" आणि फोन ठेवला.

वाचलेली रोपं त्या पावसाळ्यात उतारावर लावली. आता गुडघ्याच्या वर आलीत. मी इथेच आहे. मावशीही कामावर आहे. त्या दिवसांबद्दल ती एक शब्द बोललेली नाही. फक्त आता मी सुटी दिली तरी ती येते. वाफ्यांवरून एक फेरी मारते, बोटाने माती चाचपते, पाणी घालते आणि पाड्याकडे निघून जाते.