बाबांच्या शेजारची जागा

आमच्या आईला नाशिकच्या चर्चची अख्खी मंडळी पाळकबाई म्हणते. पाळक असलेले आमचे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, पण ते बिरूद काही सुटलं नाही. नव्वदीला टेकलेली ही बाई रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते आणि उपासना संपली की तिच्याभोवती गर्दी होते. कुणाच्या सुनेला दिवस जात नाहीत, कुणाच्या मुलाचा व्हिसा अडकलाय. आई एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करते. मग घरी येऊन गुडघे धरून बसते, आणि तेल लावायला मी. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची तिची सवय जुनी आहे.

गेल्या पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. त्यातून उठली, पण दादा, माझा मोठा भाऊ, हादरला. तो चर्चच्या पंच कमिटीत आहे. कबरस्तानात आता जागेची मारामार आहे, तरी बाबांच्या शेजारची जागा कमिटीने आईसाठी राखून ठेवली आहे. तिथे आत्ताच कडेने बांधून घेऊ, असं तो चहा पिता पिता म्हणाला. आई समोरच मेथी निवडत होती.

"मला तिथं नको," ती म्हणाली. "मला नांदगावला पुरा."

नांदगाव ही बाबांची पहिली मंडळी, पाळक म्हणून पहिली नेमणूक. आमच्या दोघांच्याही आधी आईला एक मुलगी झाली होती. रांगायला लागली आणि तापाने गेली. तिला तिथल्या कबरस्तानात ठेवलं, आणि वर्षाच्या आत बाबांची बदली झाली. पाळकाचा संसार म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड. निफाड, मग चांदवड, शेवटी नाशिक. नांदगावला एकदा जाऊन येऊ, असं बाबा म्हणत राहिले आणि ते राहूनच गेलं.

आमच्यात ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी कबरस्तानात जमते. आधीच कबरींना चुना लावलेला असतो, त्यांवर फुलं वाहायची, मेणबत्त्या लावायच्या, गीतं म्हणायची. पाळकबाईने जिथे नेमणूक असेल तिथेच हजर असायला हवं. आई झेंडूची एक वेगळी टोपली घ्यायची आणि ज्यांचं गावात कुणी उरलं नाही त्यांच्या कबरींवर फुलं ठेवत फिरायची. मी झोपमोड झालेली, तिच्या मागे कुरकुरत चालायची. परक्यांचं एवढं काय कौतिक, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "नांदगावची पाळकबाई माझ्या बाळावर ठेवत असेल ना." देवाशी तिने असा सरळ व्यवहार केला होता, आणि तो त्याने पाळला असणार याबद्दल तिला शंका नव्हती.

दादा चिडला. पाळकबाई पाळकांना सोडून दुसऱ्या गावी, लोक काय म्हणतील? मला त्याचा संताप आला. जन्मभर लोक काय म्हणतील तेच तर केलं तिने. त्याला दोन शब्द सुनावले आणि थंडी सरल्यावर गाडी ठरवून आईला नांदगावला घेऊन गेले.

तिथली पाळकबाई कोवळी पोर होती, कडेवर मूल. आईला सलाम करून तिने चहा दिला आणि आम्हाला कबरस्तानात नेलं. मागच्या भिंतीजवळचा लहान मुलांचा कोपरा आईने बरोबर ओळखला. तिथे वेड्या बाभळी माजल्या होत्या. एक उंचवटा नाही, दगड नाही. कुठलं बाळ कुणाचं, काही कळायची सोय नव्हती.

"इकडं कोणीच येत नाय, बाई," ती पोर म्हणाली. "इथं लेकरं पुरलेली हायेत हे मला आजच कळालं."

"ईस्टरला?" आईने विचारलं.

"ईस्टरला तिकडच्या, नावं असलेल्या कबरींवर फुलं टाकतो."

मला त्या पोरीचा राग येत होता आणि तिची काही चूक नाही हेही कळत होतं. ती बिचारी ओशाळली. "बाई, प्रार्थना करता का?" म्हणत तिने मान खाली घातली.

"तू कर," आई म्हणाली.

आईने प्रार्थनेला नाही म्हटलेलं मी जन्मात प्रथमच ऐकलं. त्या पोरीने कशीबशी प्रार्थना केली. आई उघड्या डोळ्यांनी बाभळींकडे बघत राहिली. मला भीती वाटली.

परतताना मनमाड मागे पडलं. चांदवडच्या अलीकडे आई बोलायला लागली.

"बाळ शनिवारी गेलं. संध्याकाळी पुरलं. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाची उपासना होती. मी ह्यांना म्हटलं, उद्या जाऊ नका, माझ्याजवळ बसा. मंडळी वाट बघेल, म्हणाले. आणि गेले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, मीही नाही."

"आणि तू इतकी वर्षं..."

"लोकांना क्षमा करायला शिकवते मी. मला ती एक जमली नाही. बाळाजवळ जायचं होतंच गं. पण त्यांच्या शेजारी निजायचं नव्हतं, तेही होतं."

बाबा माझे फार लाडके. त्या क्षणी ते समोर असते तर मी त्यांच्याशी भांडले असते. रडू येत होतं, आणि पुढे ड्रायव्हर बसलेला. शेवटी विचारलं, "मग दादाला काय सांगू?"



"सांग, बाबांच्या शेजारीच ठेवा म्हणावं," ती म्हणाली. "पुनरुत्थानाच्या दिवशी उठले की ते परत मंडळीतच जातील. तोवर तरी आम्ही दोघंच असू. तेवढ्यात विचारीन त्यांना, त्या रविवारी का गेलात म्हणून."