धाकट्याचं बोलणं

चष्म्याच्या त्या दुकानात भाऊ दोन होते, पण बोलणारा एकच. थोरला काउंटरवर बसायचा. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याच्या गप्पा सुरू, आणि नवा चष्मा लावून आरशात पाहणाऱ्याला तो हमखास म्हणायचा, "घ्या, आता बायको स्पष्ट दिसेल. पुढचं तुमचं नशीब."

धाकटा मागच्या खोलीत काचा घासायचा. त्याच्या वाटचं बोलणं लहानपणापासून थोरलाच बोलून टाकत आला होता, शाळेत बाईंशी आणि पुढे मुलीकडच्यांशीसुद्धा. ती सोयरीक जुळली नाही, तेव्हा नकारही थोरल्यानंच ऐकून घेतला. दोघांचे स्वभाव दोन टोकांचे. आवाज मात्र इतका सारखा की फोनवर आईसुद्धा फसायची.

एका सकाळी थोरला न्हाणीच्या दारात कोसळला. जीव वाचला, पण उजवा हात आणि वाचा गेली. त्याला सगळं समजत होतं, शब्द तेवढा फुटत नव्हता. घर दुकानाच्या वरच होतं. दिवसा त्याला उचलून खाली आणायचे आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवायचे.

धाकटा काउंटरवर आला. तोंडाला कुलूप लावून धंदा होत नाही, हे त्याला कळत होतं, आणि बोलणं म्हणजे दादाचं बोलणं, दुसरं त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं ते घोटून पाठ केलं, अगदी हसण्याआधीच्या खाकरण्यासकट. महिनाभरात जमायला लागलं.

एका दुपारी एका मास्तरांच्या नाकावर चष्मा बसवत तो झोकात म्हणाला, "घ्या, आता बायको स्पष्ट दिसेल." तोच जिना धडधडला. वहिनी धावत खाली आली. हात कोपरापर्यंत साबणाचे, चेहरा उजळलेला. तिनं आधी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. थोरला तसाच बसला होता, मान खाली घालून. मग तिनं धाकट्याकडे पाहिलं.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "यांच्यासारखं बोलत जाऊ नका. मला वाटलं, यांना वाचा आली."

धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचे काही दिवस तो कामापुरतंही बोलेना. मग शिवणकाम करणारी एक म्हातारी आली, सुईत दोरा ओवता येत नाही म्हणाली. चेष्टा सुचेना, म्हणून त्यानं विचारलं, सुई किती लांब धरता ते दाखवा. अंतर मोजलं, कुठली काच का लागेल ते सावकाश सांगितलं, आणि तिचं होईपर्यंत ऐकत राहिला. पुढे तीच त्याची रीत झाली. एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. काही गिऱ्हाईकं कंटाळून तुटली, काही याच्यासाठीच येऊ लागली.

संध्याकाळी दुकान बंद केलं की तो दादाचा लुळा हात चोळायचा आणि तसंच सावकाश त्याच्याशीही बोलायचा. एकदा बोलता बोलता म्हणाला, "दादा, ती मुलगी मला आवडली होती. तू नकार घेऊन आलास आणि विषय मिटवलास. मला विचारलं नाहीस."

थोरल्याचे ओठ हलले. बराच वेळ धडपडला, पण घशातून नुसती घरघर आली आणि डोळे वाहायला लागले. धाकटा गडबडला. तक्रार नव्हती रे, असं त्याला म्हणायचं होतं, आणखीही काही होतं, पण शब्द जुळेनात. सवयीनं त्यानं ठरवलं, घाई नको, उद्या नीट सांगू.

पहाटे दुसरा झटका आला. दवाखान्यापर्यंतही थोरला पोहोचला नाही.

भेटायला आलेले लोक थोरल्याचे विनोद सांगून हसत होते आणि डोळे पुसत होते. धाकटा भिंतीशी बसून होता. दादाशी शेवटचं काय बोललास, असं कुणीतरी विचारलं. तो पाणी आणायला उठला.

महिन्याभरानं वहिनीनंच विषय काढला. "त्या संध्याकाळी यांना रडू का आलं, भाऊजी?"

त्यानं तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "आणि सांगायचं काय राहिलं?"

त्याला वेळ लागला. वहिनीनं घाई केली नाही.

"की तो माझ्या वाटचं बोलायचा," तो म्हणाला, "ते मला बरं वाटायचं."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. धाकटा तिथंच बसून राहिला.