जॉबरकाकांचा तळहात

कुठल्याही चालू यंत्रापुढून जॉबरकाका हात न लावता गेले, असं मी कधी पाहिलं नाही. पिठाची गिरणी असो, कुणाचा नवा फ्रिज असो, की मयताच्या घरात लावलेला टेबलफॅन असो, ते उजवा तळहात त्यावर सपाट ठेवत, डोळे मिटत आणि मग निकाल देत. शेजारच्या मुलीला बघायला मुलगा आला, तेव्हा सवयीने त्याच्या पाठीवरही हा हात गेला. आशीर्वाद मिळाला असं समजून तो पोरगा पाया पडायला वाकला. काकांनी डोळे उघडून सांगितलं, "बरा आहे." पुढे तो संसार चांगला झाला, त्यामुळे चाळीत काकांच्या हाताचा भाव आणखी वधारला.

करी रोडच्या आमच्या चाळीत त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. गिरणीत ते साचेखात्यात जॉबर होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग, आणि जॉबर म्हणजे ते चालवणाऱ्या साचेवाल्यांवरचा माणूस, अडलेला साचा पुन्हा चालू करून देणारा. साच्यांच्या खडखडाटात उमेदीची वर्षं गेली आणि त्याबरोबर कानही गेले; यंत्राचा आवाज ते तळहाताने ओळखत. स्वतः ते ओरडून बोलत आणि दुसऱ्याचं बोलणं ओठांवरून वाचत. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, ओठ नीट हलवून बोलावं लागे. मान फिरवून पुटपुटणं, अर्धं वाक्य गिळणं, काही चालत नसे. आई म्हणायची, या माणसाशी खोटं बोलणं फार मेहनतीचं काम आहे.

संप झाला. गिरणी बंद पडली ती त्यांच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही. पुढे त्यांना शिवडीला एका गोदामावर रखवालीचं काम मिळालं. तिथे हात लावावा असं एकही यंत्र नव्हतं, दारं आणि कुलपं तेवढी होती. मग त्यांनी चाळीतली यंत्रं आपली मानली. कुणी बोलावलं की ते घरच्या बनियनवर जात नसत. इस्त्रीचा शर्ट चढवत, केसांवरून पाण्याचा हात फिरवत आणि कामावर निघाल्यासारखे गॅलरीतून चालत जात. शिलाई मशीन, मिक्सर, पंप, सगळ्यांना एकच कायदा लागू होता. "आवाज एकसारखा आहे ना गो? मग साचा बरा आहे. बदलला की मला हाक मार." आणि बहुतेक वेळा ते खरं ठरत असे. मशीनवाल्या बाईंचा पट्टा तुटायच्या आधी त्यांनीच बदलायला लावला होता.

त्यांचा दुसरा कायदा माणसांसाठी होता. एकदा काकींच्या हातून मिक्सर जळला आणि त्यांनी तो घाबरून ओट्याखाली, डब्यांच्या मागे ढकलला. काकांना तो सापडला. जळल्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, पण लपवल्याबद्दल सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलले. "साचा मोडला म्हणून मी कुणाला कधी बोललो नाय. लोखंड आहे, मोडणार. लपवला तर मात्र सोडलं नाय." काकी आम्हाला सांगत, लग्नापासून यांचं भांडण असं एकाच विषयावर आहे.

संपाबद्दल मात्र ते बोलत नसत. गॅलरीत जुनी माणसं जमली की संप नव्याने लढला जाई, कोण चुकलं याचा निवाडा दर वेळी वेगळा लागे. विषय निघाला की काका उठून आत जात. ऐकू येत नाही म्हणून कंटाळले असतील, असं आम्ही समजत होतो.

पुष्कळ वर्षांनी, गिरण्यांच्या जागी टॉवर उठायला लागले होते तेव्हा, मी माझा पहिला लॅपटॉप घेतला. मी घरी बसून भाषांतरं करते. त्या वेळी बागकामावरचं एक जाडजूड पुस्तक हातात होतं, आणि आमच्या घरची बाग म्हणजे डालड्याच्या डब्यातली एक तुळस. लॅपटॉप नवाकोरा, पण दोनच दिवसांत त्याच्या डाव्या बाजूने आवाज यायला लागला. टक, टक, टक, मग एक बारीक खर्र, पुन्हा टक, टक. दुकानदार म्हणाला होता, आठवड्याच्या आत काही वाटलं तर घेऊन या, बदलून देऊ. मी पिशवी भरून निघाले होते. तेवढ्यात आई म्हणाली, आधी जॉबरभावोजींना दाखव, नाहीतर त्यांना वाईट वाटेल.

काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांनी लॅपटॉपवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. "एकसारखा आहे," ते म्हणाले. "नवा साचा आवाज करणारच. चालव, बसेल हळूहळू." मी पिशवी परत खुंटीला टांगली. बदलून मिळायचा आठवडा उलटून गेला, तरी टकटक चालूच होती. मीही तिला सरावले, इतकी की तिच्या तालावर टाइप करायला लागले.

एके दुपारी, गुलाबाच्या छाटणीच्या प्रकरणात, पडदा निळा झाला तो झालाच. आत टकटक मात्र अगदी एकसारखी चालली होती. दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप कानाला लावला आणि मान हलवली. "मॅडम, हार्ड डिस्क गेली. हाच आवाज वाईट असतो. आतली सुई जागा शोधते, सापडत नाय, परत शोधते. म्हणून एकसारखा येतो. पहिल्या दिवशीच आणायचा ना." अर्धं पुस्तक गेलं. त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती. मला रडू आलं, ते मी दुकानातच उरकून घेतलं.

घरी आईने दार लोटलं आणि मला बसवलं. "पुस्तक तू पुन्हा करशील," ती म्हणाली. "त्यांना सांगू नको. त्यांच्याकडे आता तेवढा एक हातच उरलाय." मला ते पटलं. नवी डिस्क बसवून घेतली आणि मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. काका गॅलरीत भेटले की विचारत, "चाललाय ना?" मी ओठ नीट हलवून म्हणत असे, "चाललाय."

हे फार दिवस टिकलं नाही. एका सकाळी काका चहाला आले आणि सवयीने हात लॅपटॉपवर गेला. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"हा तो नाय. बदललास?"

आई स्वयंपाकघरात निघून गेली. मी सगळं सांगितलं, दुरुस्तीवाल्याच्या वाक्यासकट. आता लपवल्याबद्दल सगळ्या चाळीला ऐकू जातील अशी बोलणी बसणार, म्हणून मी मान खाली घालून बसले. पण काकांनी मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, आणि माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"म्हणजे तो शोधत होता," ते म्हणाले, "आणि मी म्हटलं बरा आहे."

चहावर साय धरली. मग ते बोलायला लागले, आणि तेही त्यांच्या मानाने हळू. "संपातपण असंच झालं गो. रोज सकाळी तेच कानावर यायचं. आज सुटेल, उद्या सुटेल. एकसारखं. माझ्या हाताखालचे साचेवाले मला विचारायला यायचे, काका, गावाला जाऊ, दुसरीकडे चिकटू, काय करू? मी सांगायचो, थांबा, सुटेल. माझ्या शब्दावर थांबले ते. दुसरीकडे लागायचे दिवस तसेच गेले त्यांचे." कप बाजूला सारून म्हणाले, "त्यातला एकपण मला बोलला नाय नंतर. रस्त्यात भेटले तरी म्हणायचे, बरं चाललंय काका. तू म्हणालीस तसंच."

माझी समजूत होती की मी त्यांचा मान राखला. त्या वाक्यानंतर ती समजूत उरली नाही, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

चहा तसाच ठेवून ते गॅलरीत गेले आणि तिथे बसलेल्या सगळ्यांना ओरडून म्हणाले, "हिचं मशीन माझ्यामुळे गेलं. मला काय समजलं नाय त्यातलं." त्यानंतरही लोक त्यांना बोलवत राहिले आणि ते इस्त्रीचा शर्ट घालून जात राहिले. हात ठेवत, डोळे मिटत. निकाल मात्र बदलला होता. "माझ्या हाताला बरा वाटतो. पण दुकानात दाखव."

शेवटच्या आजारात त्यांना परळच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. मी गेले तेव्हा काकी खाटेशी बसल्या होत्या आणि उशाजवळच्या यंत्रावर हिरवी रेघ वर-खाली होत होती. काकी मला म्हणाल्या, "आता बरं आहे हो. बघ ना, कालपासून रेघ कशी एकसारखी चाललेय." काकांनी काकींचे ओठ वाचले. मग माझ्याकडे बघून, बोलायला त्रास होत असतानाही, म्हणाले, "एकसारखी म्हणते ही. जा, विचारून ये."

मी डॉक्टरांना विचारून आले. येताना त्या लांब कॉरिडॉरमध्ये मी दोन-तीन वेगवेगळी वाक्यं तयार केली होती, आईला आवडली असती अशी. खाटेशी आल्यावर त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही. मी त्यांच्या समोर बसले आणि ओठ नीट हलवून, डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच सांगितलं. आता फार दिवस नाहीत, काका.

काकी रडायला लागल्या. काकांनी उजवा हात कसाबसा उचलला आणि माझ्या हातावर सपाट ठेवला.

"लपवलं नाहीस," ते म्हणाले. नेहमीसारखेच ओरडून, त्यामुळे सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.